डी-वनला गेलो, पण पोस्टसीझन नाही: बेसबॉल टीमसोबतची माझी तीन वर्षं

आता ते कॅम्पस सोडून दुसऱ्या गावात नोकरीला लागलोय म्हणून निवांत लिहायला बसलोय, सीझन चालू असताना धड जेवायला वेळ नसायचा. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिथे अजून माझी माणसं आहेत आणि काही गोष्टी अशा आहेत की नाव न घेता लिहिलेल्याच बऱ्या.

मी मूळचा जळगावचा. आमच्याकडे शाळेत क्रिकेटइतकाच सॉफ्टबॉल चालायचा, मीही खेळलो, पुढे पुण्याला इंजिनिअरिंग करताना बेसबॉलच्या ट्रायल्स दिल्या, रिझर्व्हच्या पुढे कधी गेलो नाही पण खेळ डोक्यात बसला तो बसलाच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये डेटा ॲनालिटिक्सच्या मास्टर्ससाठी अमेरिकेत आलो आणि पहिल्याच आठवड्यात बेसबॉल ऑफिसचं दार वाजवून विचारलं की तुमच्याकडे काही काम आहे का. त्यांना नेमका तेव्हाच आकडे बघणारा कोणीतरी हवा होता, कारण कॉलेज त्याच वर्षी डिव्हिजन टू (डी-टू) मधून डिव्हिजन वनला (डी-वन, सगळ्यात वरची पातळी) निघालं होतं. मला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून घेतलं, फी माफ आणि महिन्याला थोडे पैसे. काम म्हणजे रॅप्सोडो मशीनवर पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, प्रत्येक बॉल मोजायचा, समोरच्या टीमचे रिपोर्ट बनवायचे, आणि शिवाय बॉल गोळा करणं, कपडे धुवायला टाकणं, पाऊस आला की मैदानावर ताडपत्री ओढणं हे सगळं.

घरी फोन केला तर बाबांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "म्हणजे प्लेटमधून एलिटला गेलात का रे तुम्ही?" बाबा रणजीचे जुने प्रेक्षक. मी आधी हो म्हणून टाकलं आणि मग पुढच्या काही महिन्यात कळलं की हे तसं अजिबातच नाही. रणजीत कसं, प्लेटमध्ये चांगलं खेळलात की वर जाता, २०२४ ला हैदराबादने मेघालयला हरवून प्लेटची फायनल मारली आणि दोघंही वर आले, मैदानावर कमावलेली गोष्ट आहे ती. इथे मैदानाचा तसा काही संबंध नाही. एनसीएए ही कॉलेज खेळांची सगळ्यात मोठी संघटना, तिच्यात तीन डिव्हिजन, आणि वर जायचं की नाही हे कॉलेजचे प्रेसिडेंट आणि ट्रस्टी ठरवतात. आधी डी-वनच्या एखाद्या कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं, आमंत्रण लागतं, त्याशिवाय अर्जच करता येत नाही. मग फी भरायची, ती पंधरा लाख डॉलरच्या वर, म्हणजे आपले बारा-तेरा कोटी रुपये नुसते अर्जाचे. आणि एकटा बेसबॉल वर जात नाही, सगळं कॉलेज जातं, कमीत कमी चौदा खेळ चालवावे लागतात जिथे डी-टूला दहा पुरतात. (अपवाद आहेत. टेक्सासमधलं डॅलस बॅप्टिस्ट फक्त बेसबॉल डी-वनला खेळतं, २००४ पासून, बाकी खेळ डी-टूला. पण तो रस्ता आता नव्या कॉलेजांना मिळत नाही.) कॉलेजं हे का करतात तर नावासाठी, ॲडमिशनसाठी, टीव्हीवर बास्केटबॉलच्या स्कोअरपट्टीत आपलं नाव फिरावं म्हणून. बेसबॉलची पोरं त्या गाडीत बसलेले पॅसेंजर, ड्रायव्हर दुसराच.

आणि ह्या सगळ्यातली मुख्य अट म्हणजे तेव्हा वर गेल्यावर चार वर्षं एनसीएएचा पोस्टसीझन बंद. मॅचेस सगळ्या खेळायच्या, कॉन्फरन्समध्ये टेबलवर नाव येणार, पण मेच्या शेवटी जी चौसष्ट टीमची स्पर्धा सुरू होते आणि ज्यातल्या आठ टीम नेब्रास्कातल्या ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजला जातात, तिच्यात तुम्ही नाही. १९५० पासून ती ओमाहालाच होते आणि इथल्या पोरांच्या तोंडी "ओमाहा" हा शब्द कसा येतो ते ऐकायला पाहिजे, आपल्याकडे वारकरी पंढरपूर म्हणतात तसा. संघटनेचं म्हणणं असं की कॉलेजला नवीन नियम, स्कॉलरशिप, अभ्यासाचे निकष हे सगळं बसवायला वेळ लागतो. ऑफिसला लागत असेल. पण मुलाकडे खेळायला सीझनच चार असतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मी काहीतरी चुकीचं समजलो, म्हणून नियम बघणाऱ्या कंप्लायन्स ऑफिसमधल्या बाईंना जाऊन परत विचारलं, त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, हो, जो मुलगा आत्ता फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाला आहे तो हे कॉलेज सोडेपर्यंत.

आमच्या इनडोअर प्रॅक्टिसच्या कॉरिडॉरमध्ये जुने फोटो लावलेत, डी-टूच्या रीजनलचे, म्हणजे फायनलच्या आधीच्या प्रादेशिक फेरीचे. डी-टूची फायनल नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावाला होते. टीममधल्या ज्युनिअर-सीनिअर मुलांनी ते रीजनल स्वतः खेळलेले होते, फोटोत त्यांची तोंडं होती. ती पोरं रोज त्या फोटोंवरून जायची.

पहिल्या फॉल सीझनबद्दल, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधीच्या प्रॅक्टिसच्या महिन्यांबद्दल, लिहायचं तर मला जरा थांबून लिहावं लागेल कारण त्यात माझाही हात आहे.

कोच चांगला माणूस. त्याने सप्टेंबरमध्येच टीमला समोर बसवून सांगितलं की मी तुम्हाला डी-टू म्हणून बोलावलं आणि आता खेळ बदलला, ही तुमची चूक नाही पण मला टीम डी-वनची करावी लागेल. डी-टूला बेसबॉलच्या नऊ स्कॉलरशिप वाटता यायच्या, डी-वनला तेव्हा अकरा पॉईंट सात. ऐकायला विचित्र वाटतं पण हे सात दशांश खरंच होते, कारण पूर्ण स्कॉलरशिप जवळजवळ कोणालाच मिळायची नाही, पस्तीस-चाळीस पोरांच्या टीममध्ये त्याचे तुकडे वाटले जायचे, कोणाला अर्धी कोणाला पाव. म्हणजे अडीच-पावणेतीन स्कॉलरशिप वाढल्या आणि त्याही कॉलेजने लगेच दिल्या नाहीत, टप्प्याटप्प्याने देऊ म्हणाले. आणि नवीन मुलं आणायची तर जुन्यांपैकी कोणाची तरी जागा जाणार हे उघड होतं.

मला कोचने पिचर्सची शीट बनवायला सांगितली. फास्टबॉलचा वेग, स्पिन, स्ट्राईकचं प्रमाण, असे कॉलम. मी अगदी मन लावून बनवली, रंग दिले, वरून खाली क्रम लावला. एकदम खाली एक डावखुरा रिलीव्हर (मॅचच्या मध्ये येणारा बदली पिचर) आला, सोफोमोर म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, ब्याऐंशी-त्र्याऐंशी मैल टाकायचा, म्हणजे आपल्या भाषेत १३३ किलोमीटरच्या आसपास. हाच मुलगा मला दर रविवारी स्वतःच्या गाडीतून पाऊण तास लांबच्या इंडियन स्टोअरला घेऊन जायचा कारण माझ्याकडे गाडी नव्हती, तो बिचारा बाहेर उभा राहून आंब्याचा ज्यूस प्यायचा आणि मी पीठ, तुरीची डाळ घेऊन यायचो. नोव्हेंबरमध्ये एकेकाच्या मीटिंग झाल्या. कोचच्या टेबलवर माझी शीट होती, ते मला नंतर कळलं. त्याला सांगितलं की इथे तुला बॉल मिळेलच असं नाही, पोर्टलमध्ये नाव टाकून दुसरीकडे बघितलंस तर बरं. ट्रान्सफर पोर्टल म्हणजे कॉलेज बदलायची यादी, नाव टाकलं की बाकीचे कोच तुम्हाला फोन करू शकतात.

तो संध्याकाळी माझ्या खोलीवर आला. मी काय बोलावं कळेना. म्हणालो ती शीट मी बनवली होती. तो म्हणाला मला माहितीये, त्यात काही खोटं होतं का? नव्हतं. तेच तर. आकडा खरा होता, मी फक्त कॉलम निवडले होते. बॅट्समन त्याच्या चेंजअपवर (फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा बॉल) कसे पुढे वाकून मरतात हे मी रोज बघत होतो पण ते शीटमध्ये टाकलं नव्हतं, कारण मला वाटलं डी-वन म्हणजे वेग. जानेवारीत तो दुसऱ्या राज्यातल्या एका डी-टू कॉलेजला गेला. जाताना त्याने मला त्याचा जुना ग्लोव्ह दिला, डावखुऱ्याचा, माझ्या हातात बसतच नाही, पण अजून माझ्याकडे आहे.

फेब्रुवारीत पहिला सीझन. आमच्या भागात तेव्हा बर्फ असतो, त्यामुळे थंड राज्यातल्या सगळ्या टीम पहिले तीन-चार वीकेंड दक्षिणेकडे पळतात, तेरा-चौदा तास बस, आणि तिथल्या टीम जानेवारीपासून उन्हात खेळून तयार असतात. आम्ही तोपर्यंत एका मोठ्या हॉलमध्ये कृत्रिम गवतावर प्रॅक्टिस केलेली, आउटफिल्डरने खरा उंच कॅच आकाशात बघून महिनाभर घेतलेला नाही. पहिली सिरीज एका मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीकडे. त्यांच्या नुसत्या बॅटिंग प्रॅक्टिसला जेवढे लोक बघायला होते तेवढे आमच्या अख्ख्या सीझनला येत नाहीत.

मी डगआउटमध्ये रडारकडे बघत होतो. आमचा एक नंबरचा पिचर सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी मैल. त्यांचा सहाव्या इनिंगला आलेला पोरगा, जो त्यांच्या टीममध्ये कोणी खास नाही, तो पंच्याण्णव टाकत होता. साठ फूट सहा इंचावरून पंच्याण्णवचा बॉल यायला साधारण चारशे मिलिसेकंद लागतात आणि त्यातला निम्मा वेळ नुसता बॉल ओळखण्यात जातो. आमची पोरं वाईट नव्हती, त्यांनी असा बॉल रोज बघितलेला नव्हता एवढंच. पहिल्या दिवशी एकोणीस-दोन हरलो. दुसऱ्या दिवशी थोडं बरं, आणि रविवारी परत तेच.

लोकांना वाटतं फरक म्हणजे स्टार खेळाडूंचा. मला तीन वर्षं आकडे बघून असं वाटतं की खरा फरक डेप्थचा आहे, म्हणजे तुमचा आठवा-नववा पिचर कोण. आमच्या जुन्या कॉन्फरन्समध्ये वीकेंडला डबलहेडर (एकाच दिवशी दोन मॅच) असायचे, त्यातली एक मॅच सात इनिंगची, दोन-तीन चांगले पिचर असले की निभायचं. इथे शुक्रवार-शनिवार-रविवार पूर्ण नऊ इनिंग, मध्ये मंगळवारी किंवा बुधवारी अजून एक मॅच, नियमाने छप्पन्न मॅचपर्यंत. आमचा स्टार्टर पाच इनिंग झकास टाकायचा, स्कोअर तीन-दोन, आणि मग सहाव्या इनिंगला बुलपेनचं, म्हणजे बदली पिचर बसतात तिथलं, दार उघडलं की माझ्या पोटात गोळा यायचा. सातव्या-आठव्या इनिंगमध्ये आम्ही किती रन दिले त्याचा ग्राफ मी एकदा काढला होता, कोचने बघितला आणि नुसता उलटा ठेवला टेबलवर.

त्यात वर्षंही वाईट होती. कोविडमुळे सगळ्यांना एक जादाचं वर्ष मिळालेलं, त्यामुळे समोर तेवीस-चोवीस वर्षांचे दाढीवाले बाप्ये आणि आमच्याकडे अठरा वर्षांची पोरं. शिवाय प्रोफेशनल ड्राफ्ट (क्लब नवीन खेळाडू निवडतात तो) आधी चाळीस राऊंडचा होता तो २०२१ पासून वीसचा झाला, आणि त्याच वर्षी मायनर लीगच्या, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या प्रोफेशनल टीमही कमी करून एकशे वीसवर आणल्या. म्हणजे जी पोरं आधी अठराव्या वर्षी प्रोफेशनल व्हायची ती आता कॉलेजात येऊन बसली. आम्ही जिन्याची पायरी चढलो आणि त्याच वेळी जिनाच उंच झाला. पन्नासच्या वर मॅच खेळलो त्या सीझनला आणि पंधरासुद्धा जिंकलो नाही. डी-टूला हेच कॉलेज जिंकणाऱ्यांपैकी होतं. हरायची सवय नसलेल्या पोरांना रोज हरताना जवळून बघणं फार अवघड असतं, ती बसमध्ये आधी गाणी लावायची, एप्रिलपर्यंत हेडफोन आले, सगळी आपापल्या खिडकीकडे तोंड करून.

त्या पहिल्या सीझनमधली एक रात्र मात्र मी कधीच विसरणार नाही. १७ मार्च २०२३, शुक्रवार, आम्ही बाहेरगावी हॉटेलवर. लॉबीतल्या टीव्हीवर कॉलेज बास्केटबॉल. फेअरली डिकिन्सन नावाचं न्यू जर्सीचं छोटं कॉलेज, सोळावं सीड म्हणजे तळाचं मानांकन, पर्ड्यूशी खेळत होतं, पर्ड्यू पहिलं सीड. आणि फेअरली डिकिन्सन जिंकलं, त्रेसष्ट-अठ्ठावन्न. पुरुषांच्या स्पर्धेच्या सगळ्या इतिहासात सोळाव्या सीडने पहिल्याला हरवायची ही दुसरीच वेळ. लॉबीत अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. आणि आमची पोरं गप्प. कारण त्यांना माहिती होतं की फेअरली डिकिन्सन आपल्या कॉन्फरन्सची फायनल हरलेलं होतं, एका पॉईंटने, मेरिमॅककडून. पण मेरिमॅक डी-टूमधून वर आलेलं, त्यांची चार वर्षं संपली नव्हती, म्हणून जिंकूनही ते घरी आणि हरलेले स्पर्धेत. आमचा कॅचर (बॅट्समनमागे बसून पिचरला कुठला बॉल टाकायचा ते खुणेने सांगतो तो), तोही सोफोमोर, डावखुऱ्याचा रूममेट होता आधी, तो माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, मेरिमॅकची पोरं आत्ता कुठे बसून बघत असतील रे हे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

दुसरं वर्ष बरं गेलं, त्याबद्दल फार लिहीत नाही. एक चांगली गोष्ट अशी झाली की डी-वन बेसबॉलमध्ये एक कोच व्हॉलंटिअर असायचा, म्हणजे पगार नाही, उन्हाळ्यात लहान मुलांचे कॅम्प घेऊन पोट भरायचं, तो नियम २०२३ च्या जुलैपासून गेला आणि आमच्या व्हॉलंटिअर कोचला पहिल्यांदा पगार मिळाला. त्याने त्या दिवशी सगळ्या स्टाफला पिझ्झा दिला. पोर्टलमधून चार पिचर आले, मोठ्या कॉलेजात बेंचवर बसून कंटाळलेले. मीही शीट बदलली, वेगाचा कॉलम उजवीकडे सरकवला, आणि बॅट्समन कुठल्या बॉलवर चुकतो ते डावीकडे पहिलं घेतलं. आणि एका बुधवारी आम्ही आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या कॉन्फरन्समधल्या एका टीमला त्यांच्याच मैदानावर हरवलं. शेवटचा आउट झाला तेव्हा मी हातातला टॅबलेट कुठे टाकला ते मला आठवत नाही, पोरं माउंडवर एकमेकांच्या अंगावर पडलेली, कोच पाठमोरा उभा राहून डोळे पुसत होता. परतीच्या बसमध्ये परत गाणी लागली.

त्याच मेमध्ये डावखुऱ्याने मला फोटो पाठवला, डी-टू रीजनलचा, गळ्यात ते प्लेअरचं ओळखपत्र. खाली लिहिलेलं, आत्याला दाखव. माझी आत्या त्याला व्हिडिओ कॉलवर एकदा भेटली होती आणि तेव्हापासून त्याची विचारपूस करायची. मी तो फोटो आत्याला पाठवला, मग कॅचरला दाखवला. त्याने हसून बघितला आणि म्हणाला, चांगलं झालं, त्याच्या लायकीचंच आहे ते. मनापासून म्हणाला. पण मला तेव्हा जे आतून झालं ते सांगता येत नाही नीट. ज्याला आम्ही कमी पडतोस म्हणून पाठवलं तो मेमध्ये खेळत होता, आणि ज्यांना चांगले म्हणून ठेवलं ते ग्लोव्हला तेल लावून कपाटात ठेवत होते.

मग २०२५ चा जानेवारी. माझं मास्टर्स झालेलं, ओपीटीवर (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) तिथेच एक वर्ष नोकरी दिली होती. एनसीएएच्या वार्षिक अधिवेशनाच्या वेळी बातमी आली की डी-टूमधून वर येणाऱ्यांची मुदत चारवरून तीन वर्षं केली, निकष पूर्ण करत असाल तर, आणि आधीच रस्त्यात असलेल्या कॉलेजांनाही ते मागता येईल. म्हणजे आमचं हे तिसरं वर्ष शेवटचं, पुढच्या सीझनपासून आम्ही पात्र. ऑफिसमध्ये टाळ्या वाजल्या, कोणीतरी केक आणला. मी धावत खाली वेट रूममध्ये गेलो सांगायला, आणि दारातच माझा पाय अडला. समोर सीनिअर्स होते. कॅचर, शॉर्टस्टॉप, आणि अजून काही. ते २०२२ ला सोफोमोर होते, डी-टूमध्ये पहिलं वर्ष खेळलेले आणि मग ही तीन. त्यांचा हा शेवटचा सीझन. पुढच्या वर्षी दार उघडणार होतं आणि ते नसणार होते.

त्यांना आधीच कळलं होतं, फोनवर. शॉर्टस्टॉप म्हणाला, फ्रेशमन पोरांना सांगितलंस का? त्यांना सांग आधी. आणि परत वजनं उचलायला लागला.

मला राग येतो अजून. मुदत कमी केली ते चांगलंच केलं, पण तीन वर्षंही का? अभ्यासाचे निकष, कागदपत्रं, पैसे, ह्याची परीक्षा कॉलेजची घ्या ना, मान्य नसेल तर कॉलेजला दंड करा, टीव्हीचे पैसे देऊ नका. मुलाने काय केलंय? त्याने हायस्कूलमध्ये असताना एका कॉलेजला हो म्हटलं, पुढे मोठ्या लोकांनी निर्णय घेतला. आणि आता पोर्टल आहे, जा दुसरीकडे, असं म्हणणारे असतात, मी त्यांना एवढंच सांगेन की त्या मुलांचं अर्धं डिग्रीचं शिक्षण तिथे झालेलं असतं, मित्र तिथे, काहींची अर्धी-पाव स्कॉलरशिप तिथे, आणि ते राहिले कारण कोचने त्यांना शब्द दिला होता की ही टीम तुम्ही उभी कराल. त्यांनी खरंच केली. तिसऱ्या वर्षी आम्ही जिंकलेल्या आणि हरलेल्या मॅच जवळजवळ सारख्या होत्या.

कॉन्फरन्सच्या टूर्नामेंटला जायला आम्हाला शेवटच्या वीकेंडला दोन मॅच हव्या होत्या, एक मिळाली. म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात शनिवारी दुपारी सगळं संपलं. सीनिअर डे आदल्या दिवशीच झालेला, आई-वडील मैदानावर, फुलं, फोटो. शॉर्टस्टॉपच्या आजोबांना व्हीलचेअरवरून तिसऱ्या बेसपर्यंत आणलं होतं. मॅच संपल्यावर हात मिळवले, कोच आउटफिल्डमध्ये गोल करून बोलला, त्याला दोन वाक्यांच्या पुढे जाता आलं नाही. मग आभाळ भरून आलं आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर हायस्कूलच्या मॅच होत्या म्हणून ताडपत्री टाकायची होती. ते काम माझं, फ्रेशमन पोरांचं आणि मॅनेजरचं. सीनिअर्सना कोणी बोलावलं नव्हतं. तरी ते आले, काही जण बूट काढून चपलांवर, आणि त्यांनीच पुढची कड धरली. एवढी मोठी ताडपत्री असते ती, वारा भरला की माणसाला उचलते, लहानपणी मामाच्या खळ्यात पाऊस आला की ज्वारीवर झाकायला आम्ही सगळी भावंडं धावायचो तसंच. वाळूच्या पिशव्या लावल्या चारी बाजूंनी आणि सगळे डगआउटमध्ये येऊन बसलो, पाऊस सुरू झाला. कोणीच घरी जाईना.

तेव्हा कॅचरने मला फोन मागितला कारण त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. डावखुऱ्याची मॅच चालू होती, डी-टू रीजनल, त्याचंही शेवटचं वर्ष. फोन बॅटच्या रॅकला टेकवून ठेवला आणि सात-आठ जण दाटीवाटीने बसलो, पावसाच्या आवाजात कॉमेंट्री ऐकू येत नव्हती. आठव्या इनिंगला त्याला आणलं, दोन रनर बेसवर, टीम एका रनने पुढे. स्क्रीनच्या कोपऱ्यात वेग दिसत होता, त्र्याऐंशी. तोच. अडीच वर्षांत एक मैलही वाढला नव्हता.

कॅचर पुढे सरकून बसला, गुडघ्यांवर कोपर, जसा प्लेटमागे बसतो तसा. पहिला बॉल फास्टबॉल, आतल्या बाजूला, तो म्हणाला. तोच आला, फाऊल. आता परत तिथेच, थोडा वर. तिथेच आला, स्ट्राईक. डगआउटमध्ये सगळे चिडीचूप, सगळ्यांना कळलं होतं तो काय करतोय. स्क्रीनवर डावखुऱ्याने ग्लोव्हमध्ये तोंड लपवलं, खांदा थोडा खाली घेतला.

"चेंजअप," कॅचर म्हणाला, "बाहेर."

आणि बॅट्समन पुढे वाकला.